एमपी३ प्लेअरवरील ध्वनिमुद्रण

एमपी३ प्लेअरवरील ध्वनिमुद्रण म्हणजे मुख्यतः गाणी ऐकण्यासाठी बनवलेल्या, खिशात मावणाऱ्या यंत्रावर बोललेला शब्द, सुचलेली चाल, व्याख्यान, मुलाखत किंवा भोवतालचा एखादा आवाज चटकन टिपून ठेवणे होय. अशा नोंदीला इंग्रजीतून आलेला 'व्हॉइस मेमो' हा शब्द रूढ आहे. मराठीत तिला 'आवाजी टिपण' किंवा 'ध्वनिटिपण' असे म्हणता येते. १९९९ ते २०१० या काळात बाजारात आलेल्या अनेक प्लेअरांमध्ये ही सोय अंगभूत होती. काहींना त्यासाठी वेगळा माइक जोडावा लागे. पुढे स्मार्टफोनने या यंत्रांची जागा घेतली. तथापि त्यांवर टिपलेले पुष्कळ आवाज आजही जुन्या यंत्रांत व संगणकांत पडून आहेत. त्यामुळे ध्वनिमुद्रण करण्याइतकाच त्याच्या जतनाचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

पार्श्वभूमी

आवाज टिपणे आणि संगीत ऐकवणे ही दोन कामे प्रारंभी एकाच यंत्राची होती. थॉमस अल्वा एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी त्याचे संभाव्य उपयोग सांगताना त्यांनी पत्रांचा मजकूर तोंडी सांगून टिपून घेण्याला अग्रस्थान दिले होते. संगीताचा उल्लेख त्यानंतर येतो. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॉम्पॅक्ट कॅसेट हीसुद्धा आरंभी प्रामुख्याने बोलणे टिपण्याचे साधन होती. ऑलिम्पस कंपनीने १९६९ मध्ये याच कामासाठी आणखी लहान अशी मायक्रोकॅसेट आणली.

जपानच्या सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी 'वॉकमन' (टीपीएस-एल२) बाजारात आणला, तेव्हा ही दोन कामे एकमेकांपासून दूर गेली. वॉकमन हा कंपनीच्याच 'प्रेसमन' या पत्रकारांसाठी बनवलेल्या लहान ध्वनिमुद्रकावरून तयार झाला होता. प्रेसमनमधील ध्वनिमुद्रणाची सोय व ध्वनिवर्धक काढून टाकून त्याजागी स्टिरिओ श्रवणाची व्यवस्था करण्यात आली. ज्यावर काही टिपता येत नाही असे यंत्र लोक विकत घेतील काय, अशी शंका कंपनीच्या आतही व्यक्त झाली होती. पहिल्या वॉकमनवर 'हॉटलाइन' नावाची कळ आणि छोटा माइक होता. कळ दाबली की संगीत हळू होई आणि शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येई. मात्र ते मुद्रित होत नसे. पुढे ध्वनिमुद्रण करणारे वॉकमनही निघाले. त्यांतील 'वॉकमन प्रोफेशनल' ही मालिका पत्रकार व क्षेत्रीय ध्वनिमुद्रण करणारे अभ्यासक यांच्यात विशेष प्रिय झाली. सर्वसाधारण ग्राहकाच्या दृष्टीने मात्र 'वॉकमन' म्हणजे ऐकण्याचे यंत्र हे समीकरण कायम झाले.

अंकीय प्लेअर

दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा 'एमपीमॅन' आणि अमेरिकेतील डायमंड मल्टिमीडिया कंपनीचा 'रिओ पीएमपी३००' हे आरंभीचे खिशातील एमपी३ प्लेअर १९९८ मध्ये आले. रिओची अंगभूत साठवणक्षमता ३२ मेगाबाइट होती आणि त्यावर आवाज टिपण्याची सोय नव्हती. तरीही तो कायद्याच्या अर्थाने 'ध्वनिमुद्रण करणारे अंकीय उपकरण' ठरतो काय, असा वाद अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने न्यायालयात नेला. १९९९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने, १९९२ च्या संबंधित कायद्याच्या व्याख्येत हे यंत्र बसत नाही, असा निर्णय दिला.

याच सुमारास माइक प्लेअरमध्ये परतला. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या 'नोमॅड' प्लेअरमध्ये एफएम रेडिओबरोबर आवाज टिपण्याची सोय होती. फ्रान्सच्या आर्कोस कंपनीच्या 'ज्यूकबॉक्स रेकॉर्डर' या यंत्रात हार्ड डिस्कवर थेट एमपी३ स्वरूपात मुद्रण होई. दक्षिण कोरियाच्या आयरिव्हर कंपनीचे प्लेअर अंगभूत माइक आणि बाहेरून ध्वनी घेण्याची खाच या दोन्ही सोयींसाठी ओळखले जात. सॅनडिस्कचा 'सान्सा क्लिप' (२००७) हा सदऱ्याला अडकवता येण्याजोगा लहान प्लेअरही अंगभूत माइकसह आला.

दृष्टिहीन वाचकांसाठी बोलकी पुस्तके वाजवणाऱ्या 'व्हिक्टर रीडर स्ट्रीम' या यंत्रातही आवाजी टिपणाची सोय देण्यात आली. पडद्याकडे न पाहता, केवळ स्पर्शाने कळ ओळखून टिपण घेता येणे हा अशा वापरकर्त्यांच्या दृष्टीने फार मोठा लाभ होता.

आयपॉड

ॲपल कंपनीच्या ऑक्टोबर २००१ मधील पहिल्या आयपॉडवर आवाज टिपता येत नसे. तिसऱ्या पिढीच्या आयपॉडसाठी (२००३) बेल्किन कंपनीने जोडमाइक आणला. त्यानंतर ग्रिफिन कंपनीचा 'आयटॉक' आला. माइक यंत्राच्या माथ्यावर बसवला की पडद्यावर आपोआप 'व्हॉइस मेमो'चा पर्याय उमटे. मुद्रणाची प्रत मात्र टेलिफोनवरील बोलण्याएवढीच होती. पाचव्या पिढीच्या आयपॉडपासून (२००५) योग्य जोडमाइक लावल्यास सीडीच्या नमुनादराने स्टिरिओ मुद्रण करता येऊ लागले. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीच्या आयपॉड नॅनोमध्ये माइक अंगभूत होता. आयपॉडची निर्मिती थांबवत असल्याचे कंपनीने मे २०२२ मध्ये जाहीर केले.

कार्यपद्धती

माइकवर पडणाऱ्या ध्वनिलहरींचे रूपांतर विद्युत संकेतात होते. हा संकेत अत्यंत क्षीण असल्याने प्रथम त्याचे वर्धन केले जाते. त्यानंतर यंत्रातील रूपांतरक दर सेकंदास ठरावीक वेळा त्याचे मापन करतो. या मापनसंख्येला नमुनादर म्हणतात. मिळालेले आकडे आहेत तसे, किंवा संक्षिप्त करून, फ्लॅश स्मृतीत अथवा हार्ड डिस्कवर लिहिले जातात.

नमुनादराच्या निम्म्यापर्यंतच्याच वारंवारता टिपता येतात. नमुनादर ८,००० हर्ट्झ असेल, तर ४,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी मुद्रणात येत नाही. बोलण्याचा आशय समजण्यास एवढे पुरेसे असते. टेलिफोनवरही पारंपरिक पद्धतीत सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वापरला जात असे. परंतु 'स', 'श' यांसारख्या घर्षक वर्णांची बरीचशी ऊर्जा याहून वरच्या पट्ट्यात असते. मराठीत 'जग' (विश्व) आणि 'जग' (जगणे या धातूचे आज्ञार्थी रूप) यांतील 'ज' वेगवेगळे उच्चारले जातात. तालव्य व दंततालव्य उच्चारांतील हा भेद कमी नमुनादराच्या मुद्रणात क्षीण होतो. म्हणून बोलीभाषेचा अभ्यास किंवा संगीत यांसाठी ४४,१०० हर्ट्झ किंवा त्याहून अधिक नमुनादर योग्य समजला जातो.

बहुतेक प्लेअरांत आवाजाची पातळी यंत्र स्वतःच कमीअधिक करते. दूरचा वक्ता ऐकू यावा यासाठी ही योजना असते. तिचा दोष असा की वक्ता थांबला की यंत्र पातळी वाढवते आणि पंख्याची घरघर ठळक होते. टाळ्या पडल्या की पातळी एकदम खाली येते आणि पुढचे काही शब्द दबतात. गायन-वादनातील लहानमोठेपणाचा डौलही यामुळे सपाट होतो.

'रॉकबॉक्स' या मुक्तस्रोत आज्ञावलीमुळे काही जुन्या प्लेअरांवर पातळी, नमुनादर व फाइलचा प्रकार स्वतः निवडणे शक्य झाले. तिच्यात पूर्वमुद्रणाची सोयही आहे. यंत्र गेल्या काही सेकंदांचा आवाज सतत तात्पुरत्या स्मृतीत ठेवते आणि कळ दाबताच त्याआधीचे ते क्षणही मुद्रणात समाविष्ट करते. पक्ष्याची शीळ किंवा अनपेक्षितपणे सुरू झालेले बोलणे टिपताना ही सोय उपयोगी पडते.

फाइलचे प्रकार व आकार

एका तासाच्या मुद्रणास लागणारी जागा प्रकारानुसार पुढीलप्रमाणे बदलते. (१ मेगाबाइट = १० लाख बाइट.)

• वेव्ह, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ : सुमारे ६३५ मेगाबाइट
• वेव्ह, ८,००० हर्ट्झ, १६ बिट, मोनो : सुमारे ५८ मेगाबाइट
• एमपी३, सेकंदास १२८ किलोबिट : सुमारे ५८ मेगाबाइट
• एमपी३, सेकंदास ६४ किलोबिट : सुमारे २९ मेगाबाइट
• एसीटी, सेकंदास ८ किलोबिट : सुमारे ४ मेगाबाइट

यादीतील दुसरी व तिसरी नोंद सारखीच जागा व्यापते. गुणवत्तेत मात्र १२८ किलोबिटची एमपी३ पुष्कळ सरस असते. एसीटी हा प्रकार विविध नावांनी विकल्या गेलेल्या स्वस्त चिनी प्लेअरांत आढळतो. या फाइली बहुतेक संगणकांवर थेट वाजत नाहीत. त्यांचे वेव्हमध्ये रूपांतर करणारी आज्ञावली यंत्राबरोबरच्या चकतीवर दिलेली असे, आणि ती चकती हरवली की मुद्रण असूनही ऐकता येत नाही अशी स्थिती उद्भवे.

उपयोग

या मुद्रणाचा सर्वांत मोठा गुण तत्परता हा होय. गाणी ऐकण्यासाठी यंत्र आधीच खिशात असते, त्यामुळे विचार सुचणे आणि तो टिपणे यांत फार अंतर पडत नाही. प्रमुख उपयोग असे :

विद्यार्थी – व्याख्यानाचे मुद्रण करून नंतर टिपणे पूर्ण करण्यासाठी, तसेच पाठांतर स्वतःच्या आवाजात ऐकून तपासण्यासाठी. परभाषा शिकताना आपला उच्चार आणि मूळ उच्चार यांची तुलना करता येते.

संगीतकार व संगीताचे विद्यार्थी – सुचलेली चाल विसरण्यापूर्वी गुणगुणून ठेवण्यासाठी, किंवा गुरूंच्या संमतीने तालमीतील बंदिश टिपण्यासाठी.

पत्रकार व लेखक – मुलाखत, प्रवासातील निरीक्षणे किंवा संवादाचे तुकडे टिपण्यासाठी. 'पॉडकास्ट' ही संज्ञा २००४ मध्ये प्रचारात आली, तेव्हा हौशी निर्मात्यांपैकी काहीजण आयरिव्हरसारख्या प्लेअरांवरच मुद्रण करत असत.

लेखन-वाचनात अडचण असलेल्या व्यक्ती – दूरध्वनी क्रमांक, औषधांच्या वेळा, निरोप अशा दैनंदिन नोंदींसाठी.

कुटुंबे व स्थानिक अभ्यासक – वडीलधाऱ्यांच्या आठवणी, ओव्या, म्हणी, बोलीतील शब्द व गोष्टी टिपण्यासाठी.

शेवटच्या उपयोगाचे मोल मोठे आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या काळात भाषांचे व बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर टिपण्यात आले; त्या कामामागे शासनयंत्रणा उभी होती. महाराष्ट्रात हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संकलन झाले. त्या ओव्या आधी हाताने लिहून घेतल्या गेल्या आणि १९९०च्या दशकात त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण झाले. शब्द लिहून घेता येतात, परंतु ओवीची लय, गाणारीचा श्वास आणि मध्येच येणारा हुंकार कागदावर उतरत नाही. खिशातील प्लेअरमुळे असे मुद्रण करण्यास संस्थेची वा मोठ्या खर्चाची आवश्यकता राहिली नाही. घरातील नातवंडालाही आजीचा आवाज टिपणे शक्य झाले.

मुद्रण करताना घ्यावयाची काळजी

• माइकपासून तोंडाचे अंतर साधारण वीतभर ठेवावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट येणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबेलने घटते. खोलीतील प्रतिध्वनी मात्र तेवढाच राहतो.
• माइक तोंडासमोर सरळ न धरता किंचित बाजूस धरावा. 'प', 'फ', 'भ' उच्चारताना निघणारा हवेचा झोत थेट माइकवर आदळत नाही.
• यंत्र हातात धरून चाळवू नये. बोटांचा व कळांचा आवाज मुद्रणात येतो. टेबलावर ठेवल्यास खाली घडी केलेला रुमाल असावा.
• हार्ड डिस्क असलेल्या यंत्रात चकती फिरण्याचा आवाज अंगभूत माइक पकडतो. अशा वेळी तारेचा वेगळा माइक वापरावा.
• आरंभी दिनांक, स्थळ, बोलणाऱ्याचे नाव व विषय हे तोंडी सांगावे. फाइलचे नाव बदलले किंवा यंत्रातील घड्याळ चुकले, तरी ही माहिती आवाजाबरोबरच राहते.
• महत्त्वाच्या मुद्रणापूर्वी अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन ती ऐकून पाहावी आणि बॅटरी व शिल्लक जागा तपासावी.
• दीर्घ मुद्रण मधूनमधून थांबवून वेगळ्या फाइलींत घ्यावे. मुद्रण चालू असताना बॅटरी संपली, तर फाइल नीट बंद होत नाही आणि कधीकधी ती उघडतच नाही.

मर्यादा

प्लेअरची रचना मुळात ऐकण्यासाठी असल्याने त्याचा माइक लहान व साधा असतो. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेतून केलेले मुद्रण अनेकदा निरुपयोगी ठरते. पुष्कळ यंत्रांत मुद्रण चालू असताना ते कानाने तपासण्याची सोय नसते, त्यामुळे चूक घरी आल्यावर उमगते. मुद्रण चालू आहे असे समजून प्रत्यक्षात ते थांबवले जाणे हीदेखील नेहमीची चूक होय. एकच कळ सुरू करण्यास व थांबवण्यास वापरल्यामुळे ती घडते.

आणखी एक मर्यादा वापरण्याच्या पद्धतीतून निर्माण होते. लिहिलेल्या टिपणावरून नजर फिरवता येते; आवाजी टिपण मात्र त्याच्याच गतीने ऐकावे लागते. एका तासाच्या मुलाखतीचे शब्दांकन हाताने करण्यास कित्येक तास लागू शकतात. त्यामुळे टिपणे साचत जातात आणि ऐकली जात नाहीत. अनुभवी वापरकर्ते म्हणूनच टिपण थोडक्यात ठेवतात आणि ठरावीक दिवशी ते ऐकून वहीत उतरवतात.

जतन

प्लेअरवर मुद्रित फाइलींना बहुधा क्रमांकाची किंवा दिनांक-वेळेची नावे आपोआप मिळतात. बॅटरी पूर्ण उतरली की काही यंत्रांचे घड्याळ मूळ दिनांकावर परत जाते आणि पुढील सर्व नोंदींवर चुकीचा दिनांक पडतो. परिणामी दहा वर्षांनी 'आवाज ००७' या नावाच्या फाइलीत कोण बोलत आहे हे सांगणारे कोणीही उरत नाही.

प्लेअर हे टिपण्याचे साधन आहे, साठवणीचे नव्हे. त्यातील बॅटरी जुनी होते, जोडणीची तार बाजारातून नाहीशी होते, आणि यंत्र नव्याने संगणकाशी जुळवताना आतील मजकूर पुसला जाण्याचा धोका असतो. म्हणून पुढील क्रम उचित मानला जातो :

१. मुद्रणानंतर शक्य तितक्या लवकर फाइल संगणकावर उतरवावी.
२. तिला दिनांक, व्यक्ती व विषय दर्शवणारे नाव द्यावे.
३. अप्रचलित प्रकारातील फाइलीची वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात प्रत करावी. मूळ फाइलही राखावी.
४. किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.
५. सोबत एका साध्या मजकूर-फाइलीत बोलणाऱ्याचा परिचय, बोली, गाव व संमतीचा तपशील लिहावा.

आधीच संक्षिप्त झालेल्या एमपी३ फाइलीचे वेव्हमध्ये रूपांतर केल्याने गेलेला तपशील परत येत नाही. मात्र वारंवार नव्याने संक्षेप केल्यास गुणवत्ता आणखी घटते, हे त्यामुळे टळते.

कायदा व संकेत

दुसऱ्याचे बोलणे टिपण्यापूर्वी त्याची संमती घेणे हा सर्वमान्य संकेत आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. वर्गातील व्याख्यान, तालीम किंवा मैफल यांच्या मुद्रणासाठी संबंधित शिक्षक, कलावंत व आयोजक यांची परवानगी आवश्यक ठरते. भारतीय प्रताधिकार कायद्यात सादरकर्त्या कलावंताचे हक्क स्वतंत्रपणे मान्य केलेले आहेत.

ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याबाबत आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७३) हा निकाल महत्त्वाचा मानला जातो. संभाषण विषयाशी संबंधित असणे, आवाजाची ओळख पटणे आणि मुद्रणात फेरफार झालेला नसणे या कसोट्या त्यात अधोरेखित झाल्या. इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहे.

सद्यस्थिती

आयफोनवर 'व्हॉइस मेमो' ही स्वतंत्र आज्ञावली २००९ मध्ये आली आणि व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवण्याची सोय २०१३ मध्ये सुरू झाली. त्यानंतर आवाजी टिपणासाठी वेगळा प्लेअर बाळगण्याची गरज बहुतेकांना उरली नाही. बोलण्याचे लेखी मजकुरात आपोआप रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्यांमुळे शब्दांकनाचे श्रमही कमी झाले आहेत. तथापि मध्येच फोन येऊन मुद्रण खंडित न होणे, इंटरनेटची गरज नसणे आणि स्पर्शाने ओळखता येणाऱ्या कळा असणे या गुणांमुळे काही वापरकर्ते अजूनही जुने प्लेअर किंवा स्वतंत्र ध्वनिमुद्रक पसंत करतात.

वापरातून गेलेले प्लेअर भंगारात देण्यापूर्वी त्यांतील मुद्रणे तपासून पाहणे अगत्याचे असते. त्यांतील गाणी अन्यत्र पुन्हा मिळू शकतात. त्यावर टिपलेल्या आवाजाची प्रत मात्र बहुधा दुसरीकडे कोठेही नसते.